वहिनींचा प्रश्न

दादा वारले तेव्हा त्यांच्या जागेवर आपणच उभं राहणार, याबद्दल ताईच्या मनात शंका नव्हती. दादा तिचा थोरला भाऊ. लागोपाठ निवडणुका जिंकलेला आमदार, रुबाबदार, आणि आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारा सभासदही सावरून बसायचा. पण त्या आवाजातले शब्द ताईचे असायचे. प्रश्नोत्तराच्या तासाचे प्रश्न ती लिहायची, अर्थसंकल्पावरचं भाषण ती लिहायची, कुठे थांबायचं आणि कुठे पाण्याचा घोट घ्यायचा हेसुद्धा समासात लिहून द्यायची. दादा ते चारचौघांत कबूल करायचे. "मी नुसता लाउडस्पीकर. गाणं बहिणीचं," असं म्हणायचे आणि लोक हसायचे. ताईही हसायची, कारण तिला वाटायचं, कधीतरी आपलीही वेळ येईल.

पक्षानं तिकीट दिलं वहिनीला.

"ताई, राग मानू नका," पक्षाचे सरचिटणीस घरी येऊन म्हणाले. "लोकांना बायकोचं दुःख दिसतं, बहिणीचं दिसत नाही. तुम्ही मागून सांभाळून घ्या. त्यांना काय येतंय यातलं?"

वहिनी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. कमी बोलणारी. घरात पाहुणे जमले की चहाचा ट्रे ठेवायची आणि खुर्ची जरा मागे ओढून बसायची. ताईनं मनाची समजूत घातली ती त्या एका वाक्यावर, की तिला यातलं काही येत नाही. आज ना उद्या ती प्रश्न लिहून मागायला येणार. त्या दिवसाची ताई वाट पाहत राहिली.

वहिनी आलीच नाही. निवडून आली, पहिलं अधिवेशन गप्प बसून काढलं. दुसऱ्या अधिवेशनात शिक्षणमंत्री नव्या शाळांच्या इमारतींचं भरभरून वर्णन करत होते, ते संपल्यावर ती उभी राहिली, चष्मा काढला आणि विचारलं, "या शाळांत मुलींसाठी संडास आहेत का?"

मंत्र्यांनी कागद चाळले. सचिवांकडे पाहिलं. वहिनी खाली बसली नाही. वर्गात एखाद्या पोराला पाढा विचारून उत्तराची वाट पाहावी तशी शांतपणे उभी राहिली. शेवटी मंत्री म्हणाले, "माहिती घेऊन सांगतो," आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तेच होतं.

ताईनं ते नाश्त्याच्या टेबलावर वाचलं. "एवढासा प्रश्न," ती म्हणाली. "यात काय मोठंसं?"

तिचा नवरा दातांचा डॉक्टर. त्यानं वर न पाहता चहा ढवळला. "दुखणारा दात एकच असतो," तो म्हणाला. "बाकीचे ठोकत बसलं तर पेशंट पळून जातो."

ताई त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या निवडणुकीत शेजारच्या मतदारसंघातून ताईला तिकीट मिळालं आणि ती स्वतःच्या हिमतीवर निवडून आली. आता दोघी एकाच सभागृहात. दादांच्या बायकोला सगळे आधीपासूनच वहिनी म्हणायचे, विरोधी पक्षाचेसुद्धा. त्यामुळे ताई आपसूकच सगळ्या सभागृहाची नणंद झाली. ताई पहिल्यांदा बोलली त्या दिवशी सदस्यांनी बाकं वाजवली. जुने लोक म्हणाले, हुबेहूब दादा. ताईच्या जिभेच्या टोकावर आलं होतं की बाबांनो, दादाच हुबेहूब मी होता. पण ती हसली आणि नमस्कार करून बसली.

सभागृहात जे बोललं जातं ते शब्दन् शब्द उतरवून घेतात आणि काही दिवसांनी छापतात. ताई ग्रंथालयात जाऊन तो खंड काढून बसली. तिचं भाषण चार पानं होतं, कंसात "बाके वाजवली जातात" असंही होतं. तिनं ते समाधानानं वाचलं. मग राहवेना म्हणून पुढची पानं उलटली. वहिनीचा प्रश्न अर्ध्या ओळीचा होता, आणि त्याखाली एका मंत्र्याची पानभर तारांबळ. आपल्या चार पानांखाली कुणीच काही उत्तर दिलेलं नाही, हे ताईच्या तेव्हा लक्षात आलं. तिनं खंड मिटला, तो इतक्या जोरात की ग्रंथपालानं मान वर केली.

तेव्हापासून तिला वहिनीचं सगळंच खुपायला लागलं. ती कापडी पिशवी. घसा साफ करायला जवळ ठेवलेली गोळ्यांची डबी. प्रश्न विचारण्याआधी चष्मा काढून त्याची दांडी मिटायची ती सवय. सभागृहात गंमत चालायची की वहिनींनी चष्मा काढला म्हणजे कुणाची तरी शंभरी भरली. लोक ताईला कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगायचे, "काल तुमच्या वहिनींनी काय धुतलं हो त्या खात्याला." ताई म्हणायची, "हो ना, फार हुशार आहेत," आणि मग लिफ्टची वाट न बघता तरातरा जिना उतरून जायची. तिचं भाषण उत्तम झालेल्या दिवशीही कुणी ना कुणी विचारायचंच, "वहिनी आज बोलल्या नाहीत?"

त्याच वर्षी दोघींना सार्वजनिक आरोग्याच्या समितीवर घेतलं. समितीचे अध्यक्ष वयानं सगळ्यांत मोठे, त्यांना सगळे आजोबा म्हणायचे. लांबट टेबल, त्याभोवती सदस्य, टोकाला साक्षीदाराची खुर्ची, भिंतीलगत पाहुण्यांसाठी एक रांग. प्रश्न विचारायची पाळी बसल्या क्रमानं यायची. ताईची खुर्ची वहिनीच्या आधी होती.

पहिल्याच बैठकीत एक गंमत झाली. वहिनीला ताईच्या पुढ्यातला कागद हवा होता, तेव्हा ती सवयीनं म्हणाली, "वन्सं, तेवढा कागद द्या." कोपऱ्यात बसलेला वृत्तलेखक घाईघाईनं उठला आणि अदबीनं विचारता झाला, "वन्सं म्हणजे कोणत्या माननीय सदस्या?" आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. सगळे हसले. ताईलाही हसावं लागलं. मात्र तिच्या मनात आलं, इथे आपल्याला नावसुद्धा हिनंच द्यायचं.

समितीपुढे प्रकरण आलं ते सरकारी रुग्णालयातल्या लिफ्टचं. शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईला स्ट्रेचरवरून वरच्या मजल्यावर नेत असताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. बरोबरचा प्राणवायू संपला. लिफ्ट सुटेपर्यंत बाई गेली होती. बांधकाम विभागाचं म्हणणं होतं की लिफ्टची तपासणी दर महिन्याला होत होती, बिघाड अचानक झाला. विभागाच्या मुख्य अभियंत्याला साक्षीसाठी बोलावलं होतं. गेलेल्या बाईची मुलगी रुग्णालयासमोरच झेरॉक्सचं दुकान चालवायची. ती प्रत्येक बैठकीला येऊन त्या पाहुण्यांच्या रांगेत बसायची.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी सदस्य निवासात ताईच्या खोलीवर आली. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, जरा वेळ आहे का? माझे प्रश्न ऐकून सांगा, कुठे लंगडं वाटतंय का."

कितीतरी वर्षं ताईनं ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो असा आला. वहिनी तिच्याकडे आली होती. पण लिहून घ्यायला नव्हे, लिहिलेलं दाखवायला.

"मी त्या रुग्णालयाच्या गच्चीवर गेले होते," वहिनी सांगू लागली. "लिफ्टची मोटार वर एका खोलीत असते, यंत्रखोली म्हणतात तिला. तपासणी करायची तर त्या खोलीत जावंच लागतं. आणि त्या खोलीच्या दाराला लागून पाण्याची ही एवढी टाकी बसवलीय. दार बाहेर उघडतं. म्हणजे उघडूच शकत नाही."

ताई पुढे सरकून बसली. "मग सरळ विचारा ना. टाकी असताना तपासणी कशी केलीत?"

"ते शेवटी." वहिनीनं मान हलवली. "आधी त्यांच्याकडून एकेक कबूल करून घ्यायचं. दर महिन्याला खोलीत जाता का? हो म्हणतील. स्वतः कोण जातं? नाव सांगतील. दार कुठल्या बाजूला उघडतं? ते त्यांना ठाऊक नसणार. आणि मग टाकी. टाकी आधी काढली तर ते पळवाट शोधतील."

ताईला त्यात लंगडं काहीच सापडलं नाही. ती "छान आहे" म्हणाली, तेही जरा उशिरा. वहिनी गेल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. कुणाच्या तरी कपाटात आपल्या मापाची साडी टांगलेली दिसावी तसं तिला झालं होतं. हे आपल्याला का सुचलं नाही? गच्चीवर आपण का गेलो नाही? उद्या चष्मा काढला जाणार, परवा पहिल्या पानावर येणार, आणि तेरवा कुणीतरी कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगणार, तुमच्या वहिनींनी काय धुतलं हो.

दुसऱ्या दिवशी मुख्य अभियंता आला तो मऊ आवाजाचा, हसतमुख गृहस्थ होता. दोघातिघांचे किरकोळ प्रश्न झाले. आजोबा म्हणाले, "ताई, तुमची पाळी."

ताईच्या पुढ्यात तिचे स्वतःचे प्रश्न होते, निधी किती, कंत्राटदार कोण, असे. तिनं ते वाचायला तोंड उघडलंही. शेजारी वहिनी चष्म्याची दांडी मिटत होती. तो बारीकसा आवाज ताईच्या कानात शिरला आणि तिनं आपला कागद बाजूला सारला.

"अध्यक्ष महाराज," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आपोआप सभागृहातला झाला. "ज्या यंत्रखोलीत दरमहा तपासणी केली असं हा विभाग छातीठोकपणे सांगतो, त्या यंत्रखोलीच्या दारासमोर पाण्याची भली मोठी टाकी उभी आहे. दार उघडायला जागा नाही. मग हे तपासनीस काय भिंतीतून आत गेले? का एका बाईचा जीव जाईपर्यंत या विभागाला जाग येणार नव्हती? या निष्पाप कुटुंबाला कोण उत्तर देणार आहे?"

आणखीही बरंच बोलली. चांगलं बोलली. दोघांनी टेबलावर थाप मारली. अभियंता ते सगळं मान तिरकी करून ऐकत होता. लांबलचक बोलण्यात त्याला विचार करायला हवा तेवढा वेळ मिळाला.

"माननीय सदस्यांची कळकळ मी समजू शकतो," तो म्हणाला. "टाकी आहे, नाकारत नाही. पण ती गेल्याच महिन्यात, म्हणजे दुर्घटनेच्या थोडंच आधी, पाणीटंचाईमुळे तात्पुरती बसवली. त्याआधीपर्यंत आमची माणसं दर महिन्याला खोलीत जातच होती. टाकी आम्ही लगेच हलवतो."

ताईकडे पुढचा प्रश्न नव्हता. तिनं "हे समाधानकारक नाही" असं म्हटलं आणि ती थांबली.

"वहिनी?" आजोबांनी विचारलं.

वहिनीनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "माझे प्रश्न झाले," ती म्हणाली.

बैठक उठली. वहिनी ताईच्या शेजारून गेली, पिशवी खांद्याला लावून, काही न बोलता. ती रागावली असती तर ताईला बरं वाटलं असतं. भिंतीलगतच्या रांगेतून ती झेरॉक्सवाली मुलगी उठून जवळ आली.

"ताई, तुम्ही किती छान बोललात," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "पण ते तर सुटले, नाही का? पुन्हा बोलावतील त्यांना?"

"बघू या," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ताईचं नाव होतं. फोटोही होता. "ताईंनी अभियंत्यांना धारेवर धरले." खाली बारीक अक्षरात अभियंत्याचा खुलासा. सकाळपासून फोन येत होते. ताई प्रत्येकाला धन्यवाद म्हणत होती आणि प्रत्येक वेळी तोंडाला कडवट चव येत होती. हेच तर हवं होतं तिला. अगदी हेच.

"आज खूश दिसत नाहीस," नवरा म्हणाला.

"प्रश्न वहिनीचा होता," ती म्हणाली.

त्यानं पेपर खाली ठेवला. "मग?" एवढंच म्हणाला.

"मग काय. झालं ते झालं."

ते तिथेच राहिलं असतं. वहिनी पुढच्या आठवड्यात सभागृहात भेटली, रस्त्यांच्या खड्ड्यांवर बोलली, ताईला नमस्कार केला, तब्येत विचारली. तिच्या तुटक नम्रपणाचा ताईला नव्यानं राग यायला लागला होता. असं मोठेपण दाखवायला हिला कुणी सांगितलंय, असं वाटायचं. चुकलं आपलं, आणि उंची हिची वाढली.

मग एके सकाळी त्या मुलीचा फोन आला. "ताई, टाकी हलवली त्यांनी. माझ्या दुकानातून गच्ची दिसते. टाकी बाजूला केली आणि मग बराच वेळ हातोड्याचे घाव ऐकू येत होते. त्या खोलीच्या दारावरच. कुलूप तोडत होते बहुतेक. तुम्हाला काही उपयोग होईल का, म्हणून सांगितलं."

ताई फोन हातात धरून उभी राहिली. उपयोग होणार होता. चांगलाच होणार होता. गेल्या महिन्यापर्यंत दर महिन्याला उघडत असलेलं कुलूप तोडावं का लागलं? हे वहिनीला माहीत नव्हतं. हे फक्त ताईला माहीत होतं. आता खरा प्रश्न तिचा स्वतःचा होता, कुणाचा उसना नव्हता. तिनं कागद घेतला आणि प्रश्न लिहायला बसली. लिहिता लिहिता तो पाऊण पान झाला. तिनं तो खोडून परत लिहिला, तो पानभर झाला. तिसऱ्यांदा लिहिताना "निष्पाप" हा शब्द आला आणि तिनं पेन खाली ठेवलं. हे तिला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला घरातून घालवून दिलं असतं. पण कागद समोर होता. तो अभियंता मान तिरकी करून ऐकणार आणि पळवाट काढणार, हे तिला स्पष्ट दिसलं. आणि ती मुलगी पुन्हा म्हणणार, किती छान बोललात.

दुपारी ती वहिनीच्या घरी गेली. दादांचंच घर, ताईचं माहेर म्हणावं असं. जेवणाचं टेबल तेच होतं. वहिनी त्यावर शाळेतल्या जुन्या सवयीनं पेन्सिली तासत बसली होती.

"बसा, वन्सं. चहा टाकते."

"चहा नको." ताई उभीच राहिली. "तुमचा प्रश्न मी मारला. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. का?"

"काय बोलायचं होतं?"

"काहीही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

वहिनीनं पेन्सिलीचा कचरा हातानं गोळा केला. "राग आला होता मला," ती म्हणाली. "फार आला. पण एक सांगू? त्यातही वाटलं की बरं झालं. तुम्हालाही माझं काहीतरी हवंसं वाटलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, वन्सं. या टेबलावर तुम्ही दोघं बसायचात. तुमचे दादा आणि तुम्ही. एक वाक्य तुम्ही सुरू करायचात, ते यांनी पुरं करायचं. मी नवी नवरी होते तेव्हापासून बघत आले. हे माझ्याशी असं कधी बोललेच नाहीत. मी रोज ठरवायची, आज आपणही मध्ये बोलायचं. पण तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तरच मला जागा मिळायची, आणि तेवढ्यात एकच वाक्य बसायचं. मग दिवसभर ते एक वाक्य मनात घासून ठेवायची सवय लागली." ती जराशी हसली. "लोक म्हणतात, वहिनी थोडक्यात बोलतात. माझ्या डोळ्यांत किती वर्षं तुम्ही सलत होतात, ते मलाच माहीत."

ताई खाली बसली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ही बाई खुर्ची मागे ओढून बसते ती संकोचानं.

"मला कधी कळलं नाही," ती म्हणाली.

"कळू दिलं नाही. तुमच्यासारखं तोंडावर दिसू देत नाही मी."

या बोलण्यानं ताईच्या मनातला मत्सर गळून पडला, असं काही झालं नाही. उलट, दादा आपल्याशीच खरं बोलायचे हे ऐकून तिला आत कुठेतरी गोड वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. मग तिनं पर्समधून तो खाडाखोड केलेला कागद काढला, तो पुढे केला नाही, नुसताच चुरगळला, आणि हातोड्याची हकीकत सांगितली.

वहिनीनं नीट ऐकून घेतलं. डोळे बारीक केले. "मग हा तुमचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "तुम्हीच विचारा."

"मी विचारलं तर भाषण होईल."

"मी सांगते कसं विचारायचं."

"नको," ताई म्हणाली, आणि हे म्हणताना तिला मन घट्ट करावं लागलं. "तुम्ही विचारा. पण तुम्हाला विचारता येणार नाही. आजोबांचा नियम आहे. ज्या मुद्द्याला उत्तर मिळालं तो दुसऱ्या सदस्याला परत काढता येत नाही. ज्यानं विचारला त्यानंच सांगायला हवं की उत्तर अपुरं आहे आणि साक्षीदाराला पुन्हा बोलवा. तेवढं मी करते."

समितीच्या पुढच्या बैठकीत तिनं ते केलं. आजोबांनी भुवया वर केल्या.

"ताई, तुम्ही इतकं सविस्तर विचारलंत. उत्तरही मिळालं. आता अपुरं कसं?"

काहीतरी तांत्रिक कारण देता आलं असतं. ताईनं घरून एक तयारही करून आणलं होतं. पण तिची नजर वृत्तलेखकाच्या पेनकडे गेली. आपण आत्ता जे बोलू ते छापलं जाईल आणि त्या ग्रंथालयात कायमचं बसेल, हे तिच्याइतकं तिथे कुणालाच जाणवत नव्हतं.

"कारण प्रश्न माझा नव्हता," ती म्हणाली. "शेजारच्या सदस्यांनी तयार केला होता. मला विश्वासानं दाखवला होता. मी तो त्यांच्या आधी विचारला, आणि नीट विचारला नाही. म्हणून साक्षीदार निसटले. त्यांना परत बोलवावं आणि त्या मुद्द्यावर शेजारच्या सदस्यांना विचारू द्यावं."

कुणीतरी खोकलं. टेबलापलीकडचा एक सदस्य शेजाऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजला आणि दोघं खाली बघून हसले. वहिनी समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

"नोंद घ्या," आजोबा वृत्तलेखकाला म्हणाले. मग ताईकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "घेतलीच पाहिजे का?"

"घ्या," ताई म्हणाली.

मुख्य अभियंता पुन्हा आला तेव्हा त्याचं हसू तसंच होतं. वहिनीनं चष्मा काढला.

"टाकी हलवली का?"

"हो, दुसऱ्याच आठवड्यात. समितीच्या सूचनेचा मान ठेवून."

"मग यंत्रखोलीत गेलात?"

"अर्थात. सगळं व्यवस्थित तपासलं."

"दार कसं उघडलं?"

"कुलूप… काढून."

"किल्लीनं?"

त्यानं बरोबर आलेल्या कनिष्ठाकडे पाहिलं. कनिष्ठ आपल्या बुटांकडे पाहत होता. भिंतीलगतच्या रांगेत ती मुलगी पुढे वाकून बसली होती.

"तोडावं लागलं," अभियंता म्हणाला.

"का?"

"गंजलं होतं."

वहिनीनं चष्म्याची दांडी मिटली. मग म्हणाली, "टाकी फक्त महिनाभर आधी बसवली, असं तुम्ही मागच्या वेळी सांगितलंत. म्हणजे तोवर ते कुलूप दर महिन्याला उघडत होतं. दर महिन्याला उघडणारं कुलूप इतकं गंजतं का?"

या वेळी लांब बोलून त्याला विचार करायला वेळ देणारं कुणी नव्हतं. तो घोटभर पाणी प्यायला. वहिनी वाट पाहत राहिली. ताईही वाट पाहत होती, आणि त्या शांततेत तिला जाणवलं की आपल्याला अशा वेळी गप्प बसवत नाही, टेबलाखाली आपण हात घट्ट धरून ठेवलाय.

"मला माहिती घ्यावी लागेल," अभियंता म्हणाला. पण तोवर त्याचा कनिष्ठ बोलून गेला होता, "साहेब, आत कुणी जातच नव्हतं."

त्यानंतर सगळं भराभर झालं. चौकशी लागली, मुख्य अभियंता आणि आणखी दोघे निलंबित झाले, तपासणी न करता सह्या करणाऱ्या कंत्राटदाराचं काम काढून घेतलं. राज्यभरातल्या सरकारी रुग्णालयांच्या लिफ्ट नव्यानं तपासायचा आदेश निघाला. वर्तमानपत्रांत वहिनीचा फोटो आला, चष्मा हातात घेतलेला. एका पेपरनं ताईच्या कबुलीचं वेगळं व्यंगचित्र छापलं. त्यात ती शेजारच्या बाकावरच्या पोरीच्या पाटीत डोकावत होती. पक्षाच्या सरचिटणिसांनी फोन करून विचारलं, "काय गरज होती?" ताई म्हणाली, "होती." नवरा म्हणाला, "व्यंगचित्रात तुझे दात छान काढलेत." या वेळी ताईला हसू आलं.

आपण घाईनं विचारलेल्या प्रश्नामुळेच तो अभियंता "गेल्याच महिन्यात" असं बोलून बसला आणि त्यातच अडकला, हे तिच्या ध्यानात आलं होतं. एकदोघांनी तिला तसं बोलूनही दाखवलं. ते ऐकायला बरं वाटायचं. पण ते आपण जाणून केलं नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती ते पुढे कुणाला सांगत नसे.

अधिवेशन संपताना समित्या नव्यानं ठरल्या. ताई आजोबांकडे गेली आणि म्हणाली, "मला याचिका समितीत टाका."

"तिकडे कुणी मागून जात नाही," आजोबा म्हणाले. "नुसते गाऱ्हाणी घेऊन येणारे लोक. कुणाची पेन्शन, कुणाचा रस्ता. दिवसदिवस ऐकत बसावं लागतं. इथे काय वाईट आहे?"

"वहिनींच्या शेजारी बसलं की माझं लक्ष साक्षीदाराकडे राहत नाही," ताईनं खरं ते सांगितलं. "त्यांच्या चष्म्याकडे राहतं."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

वहिनीला ते यादी लागल्यावर कळलं. तिनं ताईला जिन्यात गाठलं. "मला न विचारता गेलात," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात उघड रुसवा होता.

"विचारलं असतं तर तुम्ही एका वाक्यात थांबवलं असतंत," ताई म्हणाली.

याचिका समितीची खोली तळमजल्यावर होती, खिडकीपाशी सायकली लावलेल्या. पहिल्या दिवशी बाहेर बाकावर एक म्हातारा गवंडी आणि त्याची सून बसली होती. त्यांच्या गल्लीतली विहीर बुजवून कुणीतरी भिंत घातली होती, त्याची तक्रार. म्हाताऱ्याला धड सांगता येत नव्हतं, सून मध्ये मध्ये बोलत होती आणि दोघंही घाबरलेले होते. ताईनं त्यांना आत बोलावलं, खुर्ची ओढून त्यांच्या जवळ घेतली, त्यांना पाणी दिलं आणि त्या विहिरीची गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायला लावली. ते अडले तिथे ती शब्द पुरवत होती, आणि थोड्या वेळानं म्हातारा हातवारे करून मोकळेपणानं बोलायला लागला. ताई आता गप्प राहून ऐकत होती.

इथल्या वृत्तलेखकानं तिला नाव विचारलं. तिनं ते पूर्ण सांगितलं, आडनावासकट. तो लिहीत असताना तिनं दाराकडे पाहिलं, पुढच्या माणसाला आत घ्यायला.